सर्व्हर डाऊन, उद्या या

खेड्यातलं इंटरनेट वेगवान कसं करायचं, या प्रश्नाचं उत्तर दिल्लीला केव्हाच सापडलंय. नवं धोरण काढायचं. २००४ साली ब्रॉडबँडचं धोरण आलं तेव्हा २५६ केबीपीएस मिळाले की तुम्ही ब्रॉडबँडवाले. २०१२च्या दूरसंचार धोरणानं सांगितलं, २०१५पर्यंत हा आकडा २ एमबीपीएसवर नेऊ. २०१८च्या धोरणाचं तेवढ्यानं समाधान होईना. त्यानं २०२२पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस देऊन टाकले. २०२२ संपलं. आणि २०२३च्या जानेवारीत सरकारनं गंभीरपणे जाहीर केलं की यापुढे किमान २ एमबीपीएस असतील तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं. पन्नासाची मुदत उलटली आणि पुढच्याच महिन्यात दोनाचं वचन आठ वर्षं उशिरानं पुरं झालं. तेही व्याख्येत.

गावाला या आकड्यांशी कर्तव्य नाही. गावात वेग ओळखायची खूण एकच, स्क्रीनवर गरगरणारं ते चक्र. ते थांबलं की काम झालं, नाही थांबलं की पाटी ठरलेली आहे: सर्व्हर डाऊन, उद्या या.

आता 'उद्या या' हे सरकारी कचेरीचं जुनंच ब्रीद. पूर्वी ते साहेब म्हणायचे, म्हणून साहेबांना शिव्या तरी देता यायच्या. आता ते मशिन म्हणतं. साहेब निर्धास्त.

कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्रात अर्धा तास उभं राहा. टेबलावर एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र, भिंतीवर दरपत्रक, आणि दारापर्यंत रांग. संचालक पोरगा बी.ए. झालेला, तीन कंपन्यांची सिमकार्डं बाळगणारा. कुठल्या वेळी कुठलं चालतं हे त्याला तोंडपाठ.

"आजी, अंगठा जरा दाबून धरा."

"किती दाबू बाबा? खुरपं धरून धरून रेघाच गेल्यात."

"बरं, मधलं बोट द्या. हां. आता ओटीपी कुणाच्या फोनवर येतोय?"

"नातवाच्या."

"नातू कुठाय?"

"चाकणला, कंपनीत."

नातवाला फोन लावला जातो. तो उचलत नाही, कारण कंपनीत शिफ्टला जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ओटीपी लॉकरमध्ये पोचतो, तिथेच मुदत संपून मरतो. इकडे चक्र फिरत राहतं आणि शेवटी शुद्ध प्रमाण मराठीत निरोप येतो: 'आपले सत्र समाप्त झाले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.' आजी विचारते, "काय म्हणतंय?" पोरगा सांगतो, "उद्या या म्हणतंय."

हे काही एखाद्या योजनेपुरतं नाही. २०२४च्या जुलैत लाडक्या बहिणींचे अर्ज सुरू झाले तेव्हा गावोगावच्या अंगणवाडी सेविका आणि केंद्रचालक दिवसा कागद गोळा करायचे आणि रात्री उशिरा, बाकीचं जग झोपल्यावर, ॲपमध्ये भरायचे. दिवसा ॲप उघडतच नसे. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राचीही हीच तऱ्हा. दुकानात गहू आहे, कार्डावर नाव आहे, दुकानदार समोर बसलाय, गिऱ्हाईक त्याच्या चुलत्याचं मेहुणं आहे; पण यंत्राला रेंज नाही, म्हणून ओळख पटत नाही.

शहरातल्या माणसाला संथ इंटरनेट म्हटलं की उमाळे येतात. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरच्या दहा वर्षांत जे पहिल्यांदा ऑनलाइन गेले त्यांना मोडेमची ती किरकिर अजून गोड वाटते. लाइन लागली असताना आईनं स्वयंपाकघरातला पॅरलल फोन उचलला की सगळं तुटायचं, याची आठवण ते कौतुकानं सांगतात. खेड्यात कौतुकाला जागा नव्हती. डायलअपचा कमाल वेग ५६ केबीपीएस असं मोडेमच्या खोक्यावर छापलेलं असे. पण तो मिळायला एक्स्चेंज डिजिटल हवं आणि तिथून घरापर्यंतची तांब्याची तार आखूड आणि निरोगी हवी. गावची तार पाच-सहा किलोमीटर लांब, वाटेत विजेच्या तारांशेजारून धावणारी, प्रत्येक सांध्यात पाणी प्यायलेली. पावसाळ्यात त्या तारेवरून आवाज यायचा तो बेडकाचा की पलीकडच्या पाहुण्याचा, हे ठरवता येत नसे. अशा तारेवर ५६चे निम्मे हाती पडले तरी देव पावला म्हणायचं. आणि ज्या गावांना तारही नव्हती, रेडिओवरचा एकुलता एक सार्वजनिक फोन होता, तिथे आधी माणसाचंच बोलणं धड पोचायचं नाही.

तरी त्या काळात एक गोष्ट बरी होती. यंत्र गावात जाणार आहे, हे यंत्र बनवणाऱ्याला माहीत असायचं. सी-डॉट ही संस्था १९८४ साली निघाली. तिनं खेड्यांसाठी छोटं स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज बनवलं, ते धूळ आणि उन्हाळा सोसून एअरकंडिशनरशिवाय चालायचं. तोवर परदेशी एक्स्चेंज आणायचं तर आधी त्याला थंडगार खोली बांधायची आणि मग गावाला फोन द्यायचा, असा क्रम होता. सी-डॉटनं खोली वगळली. पुढे मद्रास आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटानं कॉरडेक्ट नावाची बिनतारी यंत्रणा केली. तिच्यावर ३५ किंवा ७० केबीपीएसनं इंटरनेट मिळायचं आणि त्याच वेळी फोनवर बोलताही यायचं. आईनं फोन उचलला तरी लाइन तुटत नसे. आज हे आकडे हास्यास्पद वाटतात; पण ते खेडं समोर ठेवून काढलेले आकडे होते.

आणि मग आपल्या वारणेची गोष्ट. ती दर वेळी नवी योजना जाहीर होताना मोठ्यानं वाचून दाखवावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

१९९८ साली पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकारानं वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला साखर कारखाना मध्यभागी, गावोगावी संगणक केंद्रं, तिथून कारखान्याशी जोडणी. शेतकरी इंटरनेटवरून बाजारभाव पाहील, पिकावरच्या रोगाचा सल्ला घेईल, जमिनीचे उतारे काढील, मुलं जगाचं ज्ञान घेतील, असं सांगितलं गेलं. देशभरातून पाहुणे बघायला आले. प्रबंध लिहिले गेले.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन शाखेतली माणसं तिथे गेली आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, या केंद्रांवर लोक करतात काय? उत्तर निघालं: ऊस. किती टन गेला, तोडीची पाळी कधी, बिल किती झालं, खत किती उचललं. बाकी जगाचं ज्ञान बाजूला. कॉम्प्युटर म्हातारे झाले होते, दुरुस्ती परवडत नव्हती, वीज आपल्या मर्जीनं यायची. मग त्यांनी सात गावांत कॉम्प्युटर बाजूला ठेवून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर आणलं. शेतकऱ्यानं आपल्या फोनवरून सांकेतिक शब्द आणि आपला नंबर पाठवायचा, उसाचा हिशेब उत्तरात यायचा. काम झालं. स्वस्तात झालं. शेतकऱ्याला केंद्रावर जावंही लागलं नाही, केंद्र उघडायची वाटही पाहावी लागली नाही. २००७ साली त्यावर निबंधही प्रसिद्ध झाला, नाव 'वारणा अनवायर्ड'.

म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एकीच्या पगारी माणसांनी वारणेला येऊन लेखी कबूल केलं की इथे कॉम्प्युटरची गरज नाही, एसएमएस पुरे. असा प्रामाणिकपणा मंत्रालयात कुणी केला असता तर बदली झाली असती. त्याचा पुढच्या योजनांवर काय परिणाम झाला? काही नाही. एसएमएसचं उद्घाटन करता येत नाही. फीत कापायला दोन टोकं लागतात.

उद्घाटनावरून हरिसाल आठवतं. मेळघाटातलं, अमरावती जिल्ह्यातल्या धारणी तालुक्यातलं गाव. २०१६ साली ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. तिथे दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. प्रयोग म्हणून तो हुशारीचा होता. या लहरी डोंगर-झाडीतून बऱ्या पोचतात आणि मेळघाटात डोंगर-झाडीला तोटा नाही. पण प्रयोगाआधी जाहिरात झाली. २०१९च्या निवडणुकीत राज ठाकऱ्यांनी सभांमध्ये पडदा लावून हरिसालची सरकारी जाहिरात दाखवली आणि पाठोपाठ हरिसालची हकिकतही. 'लाव रे तो व्हिडिओ' घरोघरी पोचलं. हरिसालच्या इंटरनेटला ते जमलं नव्हतं.

आता सगळ्यांत मोठा गडी. ऑक्टोबर २०११मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ठरवलं की देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायचं. खर्च सुमारे २० हजार कोटी, मुदत दोन वर्षं, वेग प्रत्येक पंचायतीला १०० एमबीपीएस. २०१५ साली त्याचं नाव बदलून भारतनेट केलं. २०१७च्या डिसेंबरात पहिल्या एक लाख पंचायती झाल्या म्हणून जाहीर झालं. मग दुसरा टप्पा, मग मुदतवाढ, मग आणखी मुदतवाढ, आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये सुधारित कार्यक्रम, खर्च १ लाख ३९ हजार कोटींच्या वर. नाव बदललं, तारीख बदलली, खर्च बदलला. ग्रामपंचायतीत या फायबरसाठी बसवलेला डबा मात्र होता तिथेच आहे.

तो डबा बघण्यासारखा असतो. पंचायतीच्या खोलीत एका कोपऱ्यात लोखंडी पेटी, आत बारके हिरवे-तांबडे दिवे असलेलं यंत्र, खाली बॅटरी. बॅटरी उतरलेली असते. पेटीवर ग्रामसभेची जुनी इतिवृत्तं, मतदार यादी आणि कुणाचं तरी हेल्मेट. दिवे का लागत नाहीत, असं विचारलं तर शिपाई सांगतो, "ते वरच्यांचं आहे, आम्ही हात लावत नाही." तो खरं बोलतो. ती पेटी पंचायतीत आहे, पण पंचायतीची नाही. बिघडली तर कुणाला फोन करायचा, हा नंबर पेटीवर लिहिलेला असतो आणि तो लागत नाही.

भारतनेटच्या मूळ आखणीतच एक खोट होती. तालुक्यापासून निघालेली तार एकामागून एक पंचायतींना जोडत सरळ रेषेत गेली. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं एका ठिकाणी खोदलं की त्यापुढची सगळी गावं एकदम आंधळी. आणि आपल्याकडे रस्ता सतत रुंद होत असतो. शेवटी बारा वर्षांनी, २०२३च्या सुधारित कार्यक्रमात, तार वर्तुळात टाकायची ठरलं, म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं चालेल. एवढं समजायला जेसीबीला बारा वर्षं खोदावं लागलं.

पण वर्तुळ असो की सरळ रेषा, तुटलेली तार जोडायला माणूस लागतो. खांबावर चढणारा, कुठल्या वळणावर कुठला जॉइंट आहे हे ठाऊक असणारा, पावसात मोटारसायकल काढणारा. २०२०च्या जानेवारीअखेर भारत संचार निगममधून ७८ हजारांहून जास्त कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्त झाले. खर्च वाचला, हे बरोबर. त्या ७८ हजारांबरोबर कुठली तार कुठे पुरली आहे हेही निवृत्त झालं. आता फायबर टाकायला कोट्यवधी आहेत, जोडायला कंत्राटदाराचा पोरगा आहे, आणि त्याचा पगार तीन महिने थकलाय. गावच्या वेगाचा प्रश्न बराचसा इथे आहे. पण लाइनमनच्या फोटोला वर्तमानपत्रात जागा नसते.

उरलेला प्रश्न तारेत नाहीच, तारेवरून काय पाठवतो त्यात आहे. हे मुंबई-पुण्यातल्या माणसाला कळत नाही, कारण त्याच्याकडे सगळंच झटकन उघडतं.

सातबारा घ्या. उताऱ्यावर असतं काय? गट नंबर, खातेदार, क्षेत्र, आकार, पिकं, इतर हक्कांत एखादा सोसायटीचा बोजा आणि एखादी रुसलेली बहीण. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर-चिन्ह संगणकात तीन बाइट खातं, तरी हा सगळा मजकूर पाच-सात किलोबाइटच्या वर जात नाही. म्हणजे ज्या डायलअपची आपण टिंगल करतो, त्याच्यावरूनही सातबारा दोन सेकंदांत यायला हवा. येत नाही, कारण सातबाऱ्याच्या आधी यायचे असतात मान्यवर. पान उघडलं की वर सरकत्या पट्टीत मुख्यमंत्री, मागोमाग उपमुख्यमंत्री, मग खात्याचे मंत्री, मग राज्यमंत्री, सगळे हसतमुख, सगळे छपाईच्या दर्जाच्या फोटोत. मग बोधचिन्ह, मग दुसरं बोधचिन्ह, मग एखाद्या अभियानाचा व्हिडिओ. दोन मेगाबाइटचा एक फोटो ५६ केबीपीएसवर यायला पाच मिनिटं लागतात. टूजीच्या एका काडीवर फार वेगळं होत नाही. तोवर ओटीपी मेलेला असतो. शेतकऱ्याच्या वाट्याची सगळी तार साहेबांच्या हसण्यानं भरून जाते आणि उतारा मागे ताटकळतो, मंत्र्यांचा ताफा जाईपर्यंत एसटी थांबवतात तसा.

डायलअपच्या काळातल्या लोकांना यावरचा उपाय येत होता. ब्राउझरमध्ये 'चित्रं दाखवू नका' असा एक पर्याय असे. तो निवडायचा आणि निमूट वाचायचं. २००५ साली ऑपेरा मिनी आलं, ते पान आधी आपल्या सर्व्हरवर पिळून काढायचं आणि मग फोनला पाठवायचं. कितीतरी वर्षं खेड्यातल्या पोरांनी साध्या फोनवर जग त्यातूनच पाहिलं. खर्च काही नाही. निविदा नाही. हीच त्यातली अडचण असावी.

आणि सरकारला हे अजिबात जमत नाही असंही नाही. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावर रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये साठवता येते, रेंजमध्ये आल्यावर चढवता येते. म्हणजे बांधावर रेंज नसते, ही गोष्ट ते ॲप बनवणाऱ्यांपैकी कुणाला तरी माहीत होती. त्या माणसाला शोधून बाकीच्या सगळ्या पोर्टलांवर नेमावं. तो आतापर्यंत मत्स्यव्यवसाय खात्यात गेला असेल.

एवढ्यात आभाळातूनही आशेचे किरण आले आहेत. २०२५च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं स्टारलिंकशी इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांना उपग्रहावरून इंटरनेट देण्याचा इरादा आहे. चांगली गोष्ट आहे, मनापासून म्हणतो. सातपुड्यातल्या पाड्यावर तार न्यायला जो खर्च येईल त्यापेक्षा तबकडी सोपी. लॉकडाऊनमध्ये कोकणात आणि सातपुड्यात पोरं रेंजसाठी डोंगर चढून, झाडावर बसून शिकली. त्यांच्या धाकट्या भावंडांना तरी चढ वाचेल. फक्त उपग्रहावरून आधी काय उतरणार? तेच. सरकती पट्टी, दोन बोधचिन्हं, हसतमुख मान्यवर. आता ते अंतराळातून येतील.

तेव्हा पोर्टलवाल्या साहेबांना एकच विनंती आहे. पुढच्या पोर्टलचं उद्घाटन मंत्रालयात किंवा सह्याद्री अतिथिगृहात करू नका. सातपुड्यातल्या धडगावला करा. एसटी स्टँडवर उभं राहून, आठ हजारांच्या फोनवरून, स्थानिक सिमकार्ड घालून, दुपारी बाराला. मंत्र्यांनी स्वतःचा उतारा स्वतः काढायचा, स्वतःचा अंगठा स्वतः लावायचा, ओटीपीही स्वतःच वाचायचा. पाच मिनिटांत निघाला तर फीत कापा. नाही निघाला तर पोर्टल घेऊन परत जा आणि आधी स्वतःचा फोटो काढून टाका.